आपल्या वावरात मका येईल का? खड्ड्यापासून रिपोर्टपर्यंत जमीन तपासायची पद्धत

मागच्या दोन-तीन वर्षांत आमच्या सिल्लोड-भोकरदन पट्ट्यात ज्याच्या त्याच्या तोंडी मकाच आहे. कपाशीची वेचणी परवडेना, सोयाबीनचं भावात जमेना, आणि इथेनॉलमुळं मक्याला उठाव आला. हमीभाव पण २०२३-२४ ला २०९० रुपये क्विंटल होता तो २०२५-२६ ला २४०० झाला, बाजारात तो दर वेळी हातात पडत नाही ही गोष्ट वेगळी. त्यामुळं ज्यांनी आजवर मका फक्त जनावरांपुरता पेरला ते पण आता विचारतात की भाऊ, आमची जमीन काळीभोर आहे, मका जोरात येईल ना? आणि मी दर वेळी उलटं विचारतो, की जुलैत त्या वावरातून पाणी निघतं का, आणि ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की तिथं ओल टिकते का? या दोन गोष्टींची उत्तरं आली की मक्याचं ऐंशी टक्के ठरतं, रंगाचा नंबर खूप नंतर लागतो.

हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. आमचं नाल्याकाठचं खालचं वावर सगळ्यात काळं, सगळ्यात खोल, म्हणून मी हौसेनं महागाचं हायब्रीड तिथं लावलं. आबा म्हणत होते की मधल्या तुकड्यात लाव, तिथं औत सरळ चालतं, पण मला वाटलं चांगल्या बियाण्याला चांगली जमीन द्यावी. जुलैत चार दिवस झड लागली, मका चार-पाच पानांवर होता, वावरात पाणी दिसत पण नव्हतं फारसं, नुसता चिखल होता, पण पाय टाकला की पचकन आवाज यायचा. आठ दिवसांत पानं पिवळी, खालून जांभळी झाक, आणि नंतर कितीही युरिया टाकला तरी ते पीक कमरेच्या वर गेलंच नाही. मधल्या तुकड्यात उरलेलं एक पाकीट टाकलं होतं, त्याला हातभर कणसं लागली. तेव्हापासून जमीन बघितल्याशिवाय बियाणं घ्यायचं नाही हे मी ठरवलं, आणि बघायची जी पद्धत बसली ती खाली सविस्तर लिहितो.

आधी वावराचे तुकडे पाडा

सातबाऱ्यावर एक गट नंबर असतो म्हणून जमीन एक नसते. आपल्याकडं बेसाल्टचा खडक, त्यामुळं टेकाडावर मुरूम, मधे मध्यम काळी आणि नाल्याकडं खोल भारी काळी हे तिन्ही प्रकार चार एकरात सापडतात. एक चक्कर मारा, शक्यतो नांगरट झाल्यावर, कारण तेव्हा मातीचा रंग आणि ढेकळांचा आकार उघडा दिसतो. जिथं रंग बदलतो, जिथं उतार मोडतो, जिथं मागच्या वर्षीचं पीक कायम ठेंगणं राहतं, तिथं कागदावर रेघ मारा. ठेंगणी जागा कुठली ते घरातल्या बायांना विचारा, निंदायला वाकून वाकून त्यांना वावराचा कोपरा न् कोपरा पाठ असतो, कुठं खुरपं लागत नाही, कुठं चिखल शेवटपर्यंत राहतो ते त्या पटकन सांगतात. असे दोन, तीन, चार जेवढे तुकडे पडतील त्या प्रत्येकाची तपासणी वेगळी करायची. सगळी माती एकत्र कालवून काढलेला रिपोर्ट कुठल्याच तुकड्याचा खरा नसतो.

आणि ज्यांच्या जमिनी सप्टेंबर २०२५ च्या मराठवाड्यातल्या पुरात खरडून गेल्या किंवा ज्यांच्यावर गाळ-वाळू येऊन बसली, त्यांनी जुनी माहिती बाजूला ठेवून सगळं नव्यानं बघा. वरची वीतभर माती गेली की ते वावर पहिल्यासारखं राहत नाही.

खड्डा खणा, तीन फूट तरी

या सगळ्यात एकच काम करणार असाल तर हे करा. प्रत्येक तुकड्यात एक खड्डा, तीन फूट खोल, एक बाजू फावड्यानं सरळ उभी तासून घ्यायची, भिंतीसारखी. सकाळचं ऊन त्या बाजूवर पडेल असा खणला तर रंग नीट दिसतो. मग खाली बसून ती भिंत वरून खाली वाचायची, घाई करायची नाही, चाकूच्या टोकानं दर वितेवर टोचत जायचं.

पहिलं बघायचं ते मुरूम कुठं लागला. मी साधारण असं धरतो: अडीच फुटांच्या वर माती असेल तर मक्याला खोलीची अडचण नाही, दीड ते अडीच फूट असेल तर चालेल पण पाण्याची सोय हवी, पाऊण ते दीड फूट असेल तर मका जुगार आहे, आणि त्याहून कमी असेल तर बाजरी, मटकी, हुलगा लावा, मक्याच्या नादी लागू नका. मुरूम पण दोन प्रकारचा असतो, मऊ झिजलेला मुरूम चाकूनं खरवडला जातो आणि त्यात मुळी थोडी शिरते, कडक खडकात शिरत नाही.

खोलीला मी इतकं महत्त्व का देतो त्याचा हिशोब सांगतो, अगदी ढोबळ आहे पण डोक्यात बसतो. एक फूट चांगली काळी माती पिकाला वापरता येईल असं साधारण ५० मिलिमीटर पाणी धरते, एक फूट मुरमाड हलकी माती जेमतेम ३० धरते. त्यातलं अर्धं संपलं की मका ताण घ्यायला लागतो. तुरा येण्याच्या काळात मका दिवसाला ६ मिलिमीटरच्या आसपास पाणी पितो. म्हणजे एक फूट मुरमाड जमिनीत हाताशी १५ मिलिमीटर, अडीच दिवसांची शिदोरी. दोन फूट काळ्या जमिनीत ५० मिलिमीटर, आठ दिवस. तीन फुटांत ७५, बारा दिवस. आता २०२३ चा ऑगस्ट आठवा, १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो होता, आणि जूनच्या शेवटाला पेरलेला मका बरोबर त्याच महिन्यात तुऱ्यावर येतो. तुरा पडतो आणि कणसाला केस येतात ते दहा-पंधरा दिवस कोरडे गेले तर दाणे भरतच नाहीत, कणीस सोललं की शेंड्याला नुसतं बोडकं दिसतं, आणि नंतर पाऊस पडून त्याची भरपाई होत नाही. ज्याच्याकडं विहिरीला ऑगस्टमध्ये पाणी आहे त्यानं हा हिशोब पाळ्या किती दिवसांनी द्यायच्या त्यासाठी वापरावा, ज्याच्याकडं नाही त्यानं पेरायचं की नाही हे ठरवण्यासाठी.

दुसरं, भिंतीत रंग बघा. वर काळी आणि खाली सारखी काळी-तपकिरी उतरत गेली तर बरं. पण दीड-दोन फुटांवर राखाडी, निळसर माती आणि तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके दिसले तर समजा की तिथं पाणी महिनोन्महिने तुंबून राहतं. हे ठिपके उन्हाळ्यात पण तसेच राहतात, त्यामुळं मे महिन्यात बघून जुलैची परिस्थिती कळते. पांढरे चुनखडीचे खडे किती खोलीवर सुरू होतात ते पण लिहून ठेवा, पुढं कामाला येईल.

तिसरं म्हणजे कडक थर. दरवर्षी रोटाव्हेटर मारून मारून आपल्या वावरात सहा ते आठ इंचांवर एक दाबलेला पापुद्रा तयार झालाय, वरून माती भुसभुशीत आणि खाली ओट्यासारखी. चाकू टोचताना तिथं अडतो. त्याहून पक्की खूण हवी असेल तर मागच्या हंगामातलं तुरीचं किंवा कपाशीचं धसकट कुदळीनं अलगद खणून काढा, ओढू नका. मी एकदा आमच्या मधल्या तुकड्यातलं तुरीचं धसकट धुऊन बघितलं, सोटमूळ सात इंच सरळ खाली गेलेलं आणि मग काटकोनात वळून आडवं पळालेलं, एल अक्षरासारखं. तुरीसारखं जिद्दी मूळ जिथं वळलं तिथं मक्याच्या तंतुमुळाचं काय चालणार. असा थर असेल तर जमीन नापास नाही, पण एप्रिल-मे मध्ये माती कोरडी खडखडीत असताना सबसॉयलर (खोल जाऊन थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) मारून घ्या, ओल्यात मारला तर पैसे वाया, थर फुटण्याऐवजी चिरला जाऊन परत बसतो.

पाणी ओतून बघा

मघाच्या खड्ड्याशेजारी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असा छोटा खड्डा घ्या. त्यात काठोकाठ पाणी भरा आणि जिरू द्या. आता इथं बरेच जण फसतात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते, पहिलं पाणी भेगांतून घटाघट खाली जातं आणि माणसाला वाटतं की वा, काय निचरा आहे. तो निचरा नाही, ती तहान आहे. काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर जो वेग राहतो तो खरा. म्हणून संध्याकाळी एकदा भरायचं, रात्री परत भरायचं, आणि सकाळी तिसऱ्यांदा भरून मग त्यात फूटपट्टी उभी रोवून मोजायचं. तासाला दोन ते आठ सेंटिमीटर पाणी उतरलं तर मक्याला छान. दहाच्या वर उतरलं तर पाणी पण जाईल आणि खत पण जाईल, हलकी जमीन आहे. तासाला एक सेंटिमीटर पण उतरत नसेल तर खरिपात त्या तुकड्यावर भरवसा ठेवू नका.

ही टेस्ट जमली तर करा, पण एक टेस्ट फुकटची आहे आणि ती चुकवू नका. मक्याच्या आदल्या पावसाळ्यात, दोन इंची मोठा पाऊस पडून गेला की चोवीस तासांनी वावरात जा, जिथं जिथं पाणी उभं आहे तिथं खुंटी ठोका. अठ्ठेचाळीस तासांनी परत जा, अजून पाणी असेल त्या खुंटीला लाल चिंधी बांधा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण मे महिन्यात तेच वावर इतकं निर्मळ दिसतं की आपण सगळं विसरतो. लाल चिंधीची जागा खरीप मक्याला नको. कारण असं आहे की मक्याचा वाढीचा कोंब, ज्यातून पुढची सगळी पानं आणि तुरा निघतो, तो पहिले साधारण तीन आठवडे जमिनीच्या खालीच असतो, वर दिसतात ती नुसती पानं. पाणी तुंबलं की मातीतली हवा एक-दोन दिवसांत संपते, मुळं गुदमरतात, वरून दिलेलं नत्र (नायट्रोजन) पण वायू होऊन उडून जातं, आणि कोंबच पाण्याखाली असेल तर रोप मरतंच. तेच रोप छातीइतकं झाल्यावर दोन दिवस पाणी बऱ्यापैकी सोसतं. म्हणजे धोक्याचा काळ पेरणीपासून गुडघ्याएवढं होईपर्यंतचा, आणि आपल्याकडं नेमका तोच जुलै.

माती हातात घेऊन

हे पटकन होतं. मूठभर माती, खडे वेचून, थेंब थेंब पाणी घालत कणकेसारखी मळा. अंगठा आणि बोटामधून दाबत तिची पट्टी काढा. पट्टी निघतच नसेल, गोळा फुटत असेल तर वाळूसर. एक इंचाच्या आत तुटली तर पोयटा (वाळू आणि चिकणमाती बेताची असलेली माती), एक ते दोन इंच गेली तर चिकण पोयटा, आणि दोन इंचांच्या पुढं मऊ रिबीनसारखी लोंबत राहिली तर भारी चिकण. मक्याला मधले दोन सगळ्यात चांगले. तापी, गिरणा, गोदावरीच्या काठच्या गाळाच्या जमिनी बऱ्याचदा यात बसतात, तिथं मका बघायला गेलं तर डोळे निवतात.

खारट, चोपण, चुनखडी: इथं कपाशीवरून अंदाज बांधू नका

हा मुद्दा नीट वाचा, कारण खानदेश-विदर्भात यातच जास्त माणसं फसतात. पिकांची क्षार सोसायची ताकद वेगवेगळी असते. संपृक्त मातीच्या अर्काची (पाण्यानं पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता, म्हणजे ईसी, ७.७ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत कपाशी उत्पन्न कमी करत नाही, गहू ६ पर्यंत टिकतो. मक्याचं उत्पन्न १.७ लाच घसरायला लागतं आणि ६ च्या जवळ गेलं की निम्म्यावर येतं. म्हणजे एखाद्या वावरात वीस वर्षं झकास कपाशी निघाली असेल, गहू पण आला असेल, तरी त्यातले क्षार कधी कुणाला दिसलेच नसतील, आणि पहिला मका टाकला की ते बाहेर येतील. शेजाऱ्याला कपाशी भरघोस येते हा मक्यासाठी पुरावा नाही.

खारवट जमीन ओळखायला उन्हाळ्यात बांधाच्या कडेला, सरीच्या माथ्यावर पांढरा थर बघा. चोपण जमीन त्याहून फसवी, तिच्यात सोडियम जास्त, वरून ती काळी तुकतुकीत दिसते, ओली असताना साबणासारखी निसरडी आणि वाळली की दगड. तिची घरगुती टेस्ट मला फार आवडते. काचेच्या ग्लासात पावसाचं साठवलेलं पाणी घ्या, नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी चालणार नाही कारण त्यातले क्षार निकाल बिघडवतात. त्यात हरभऱ्याएवढं मातीचं सुकं ढेकूळ अलगद सोडा आणि ग्लास न हलवता ठेवून द्या. दोन तासांनी बघा. ढेकूळ नुसतं विस्कटून तळाशी पडलं आणि पाणी नितळ राहिलं तर ठीक. पण ढेकळाभोवती दुधासारखा ढग उठला आणि पसरत गेला, तर ती माती चोपण आहे, पावसात ती अशीच विरघळून सगळी छिद्रं बुजवणार. आमच्या खालच्या वावरातली माती मी वरची आणि दोन फुटांखालची अशी दोन ग्लासांत टाकली होती, वरचा ग्लास नितळ, खालचा चहात दूध टाकावं तसा गढूळ. त्या दिवशी मला पहिल्या वर्षीच्या मक्याचं खरं कारण कळलं.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा तर मुळातच असा आहे, जमिनीत सोडियम, निचरा मंद आणि खालचं पाणी पण खारं. तिथं विहिरीच्या पाण्यावर मका वाढवायचा विचार करत असाल तर आधी पाणी तपासा, पाण्याची ईसी १.१ च्या वर गेली की मक्यावर परिणाम सुरू होतो. सांगली-कोल्हापूरकडं नदीकाठी उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेल्या जमिनींना पण हेच लागू. चोपणात जिप्सम चालतं, पण जिप्समनं सुटलेलं सोडियम वाहून न्यायला चर किंवा पाइपचा निचरा हवा, निचरा नसताना टाकलेलं जिप्सम म्हणजे घाण धुतली आणि पाणी मोरीतच ठेवलं.

चुनखडीसाठी मातीवर लिंबू पिळा, भरपूर असेल तर कानाजवळ नेलं की चुरचुर ऐकू येते, फेस पण दिसतो. बॅटरीचं ॲसिड वापरायच्या भानगडीत पडू नका, हात भाजतील. चुनखडी पाच-सात टक्के असेल तर मका येतो, दहाच्या वर गेली की स्फुरद (फॉस्फरस), जस्त (झिंक), लोह सगळं मातीत असून पिकाला मिळत नाही.

नमुना आणि रिपोर्ट

नमुना कसा घ्यायचा ते बऱ्याच जणांना माहीत आहे म्हणून थोडक्यात: पेरणीच्या महिना-दीड महिना आधी, खत टाकायच्या आधी, प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्ही सारखा खड्डा सात-आठ इंच खोल, त्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती, सगळी घमेल्यात न घेता प्लास्टिकच्या बादलीत मिसळायची कारण लोखंडाचा आणि जस्ताचा अंश लागला तर ते आकडे चुकतात, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचे, शेवटी अर्धा किलो उरवायची आणि सावलीत वाळवायची. बांध, झाडाखाली, उकिरड्याची जागा, विहिरीजवळ, जनावरं बसतात तिथं घ्यायची नाही. पिशवीत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी टाका आणि पिशवीवर पण लिहा. माझ्या दोन तुकड्यांचे रिपोर्ट एका ठिकाणी अदलाबदल होऊन आले होते, खड्डे आधी बघितले होते म्हणून लक्षात आलं, मुरमाड तुकड्याला चुनखडी जास्त आणि भारीला कमी दाखवत होता. मी परत नमुने दिले. चोपणाची शंका असेल तर दोन फुटांखालचा वेगळा नमुना द्या.

मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ ला आली, तिच्यात बारा गोष्टी तपासतात. मक्यासाठी मी ज्या क्रमानं बघतो तो असा. आधी सामू, म्हणजे पीएच. साडेसहा ते साडेसात उत्तम, आठ-सव्वाआठपर्यंत सांभाळून घेता येतं, साडेआठच्या वर असेल तर ग्लासातली टेस्ट केल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मग ईसी, आणि इथं एक गोम आहे. वर मी जे १.७ आणि ७.७ चे आकडे दिले ते संपृक्त अर्काचे. आपल्या बहुतेक लॅब एक भाग माती आणि अडीच भाग पाणी कालवून ईसी काढतात, पाणी जास्त असल्यानं तो आकडा बराच लहान येतो. त्या पद्धतीत ईसी १ च्या खाली असेल तर साधारण पिकांना ठीक धरतात, पण मका नाजूक, त्याला १ च्या जवळचा आकडा पण निर्धास्त नाही, १ ते २ मध्ये उगवणीलाच मार बसू शकतो. कार्डावर ०.९ बघून १.७ शी तुलना करू नका, लॅबवाल्याला पद्धत विचारा.

सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत आलेला कार्बन) ०.५ टक्क्याच्या खाली कमी, ०.७५ च्या वर चांगला. आपल्याकडं ०.३-०.४ असलेली वावरं पुष्कळ आहेत, तिथं मका येतो पण खतावर जगतो. नत्र २८० किलोच्या खाली आलं तर घाबरू नका, जवळपास सगळ्यांचंच येतं, ते देता येतं. हे आकडे हेक्टरी असतात, एकरी करायला अडीचनं भागा.

जस्त मात्र डोळ्यात तेल घालून बघा. ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर मका हमखास दाखवतो: उगवून दोन-तीन आठवड्यांत नव्या पानाच्या बुडाकडं, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून पेरणीआधी द्यायचं, डीएपीत (स्फुरद असलेल्या खतात) कालवायचं नाही, स्फुरद आणि जस्त एकमेकांना अडकवतात. दरवर्षी टाकायची गरज नसते, दोन-तीन हंगाम पुरतं.

आता नंबर द्या, पण सरासरी काढू नका

जगभर जमिनीची लायकी ठरवायची जी चौकट वापरतात ती एफएओनं १९७६ ला दिली, नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्था पण त्याच धर्तीवर काम करते. जास्त योग्य, मध्यम योग्य, कमी योग्य आणि अयोग्य असे चार कप्पे. घरच्या वापराला मी सगळ्यात कमजोर गोष्टीवरून नंबर देतो. खोली उत्तम, पोत उत्तम, कर्ब चांगला, पण निचरा नापास असेल तर तो तुकडा खरिपाला नापासच. चार चांगल्या गोष्टी मिळून एका वाईटाला झाकत नाहीत.

दुसरं, कमजोरी सुधारता येण्यासारखी आहे का ते बघा. जस्त एका पिशवीत सुधारतं, कडक थर एका उन्हाळ्यात फुटतो, कर्बाला चार-पाच वर्षं लागतात, आणि एक फुटावरचा खडक तुमच्या-माझ्या हयातीत हलत नाही.

तिसरं, नंबर नुसत्या जमिनीला द्यायचा नाही, जमीन आणि हंगाम या जोडीला द्यायचा. आमचं तेच खालचं वावर खरिपाला नापास, पण रब्बीत, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरलं की पाऊस गेलेला असतो, खोल मातीत ओल साठलेली असते, खालचा चोपण थर असून पण मका चांगला येतो, फक्त पाणी मोजून द्यायचं, सरी तुंबेल इतकं नाही. आता तिथं खरिपात मी काहीतरी पाण्याला सोसणारं घेतो आणि मका रब्बीत. उलट वरचा मुरमाड तुकडा, जिथं पाणी तुंबायचा प्रश्नच नाही, तो ठिबक असेल तर खरिपाला चालतो, कोरडवाहू नाही. अशा हलक्या जमिनीत लवकर येणारा वाण घ्या आणि नत्र तीनऐवजी चार-पाच हप्त्यांत द्या.

मध्यम काळी, दोन-अडीच फूट, थोडा उतार, हा मक्याचा खरा मुलूख. कन्नड, सिल्लोड, भोकरदन, येवला, मालेगाव, चाळीसगाव, जामनेर इकडं मका का बसला ते या एका वाक्यात आहे. भारी काळीतच खरीप मका घ्यायचा असेल तर रुंद वरंबा सरीवर घ्या, बी वरंब्यावर आणि पाणी सरीतून बाहेर, आणि सरीचं तोंड नाल्याकडं उघडं ठेवा. खूप जण सरी पाडतात आणि तोंडाशी बांध तसाच ठेवतात, मग ते वावर तळं होतं.

कोकणातल्या भावांसाठी दोन शब्द: जांभ्याच्या तांबड्या जमिनीत निचरा भरपूर पण सामू आम्लाकडं आणि स्फुरद मातीत अडकतं, शिवाय तिथल्या पावसात खरीप मक्याचं काही खरं नाही. भात निघाल्यावर पाणी असेल तर स्वीट कॉर्न घ्या, साडेपाचच्या खाली सामू असेल तर आधी चुना. भंडारा-गोंदियाकडं जुनी माणसं सिहार, मोरांड, कन्हार, बर्डी अशी जमिनींची नावं घेतात, त्यातली मोरांड मक्याच्या जवळची, कन्हारात धानानंतर चिखलणीचा थर फोडून मगच पेरा.

शेवटची पायरी, पाच गुंठे

एवढं करून पण पहिल्या वर्षी सगळं वावर मक्याखाली घालू नका. प्रत्येक तुकड्यात पाच-पाच गुंठे एकाच दिवशी, एकाच पाकिटातलं बी, ७५ बाय २० सेंटिमीटरवर टाका. तिसाव्या दिवशी प्रत्येक ठिकाणची दहा रोपं मुळासकट खणा, बादलीत धुवा आणि बांधावर ओळीनं ठेवा. पांढरी, चहूकडं पसरलेली, केसाळ मुळं ज्या तुकड्याची असतील तो पुढच्या वर्षी मक्याला. तपकिरी, आखूड, एकाच बाजूला वळलेली असतील तर परत त्या तुकड्याच्या खड्ड्याकडं जा आणि त्याच खोलीवर चाकू टोचून बघा काय अडलंय. आणि तोडणीला त्या पाच गुंठ्यांची कणसं वेगळी वाळवून, दाणे वेगळे मोजून वहीत लिहा, तारखेसकट, खड्ड्याच्या खोलीसकट.

खड्डे लगेच बुजवायची घाई करू नका, एखादा पाऊस पडू द्या, मग त्यात पाणी किती दिवस राहतं ते बघा. फक्त भोवती काटेरी फांद्या लावा, वासरू पडायला नको.